गंजवून काळा केलेला काटा

अमळनेरचे नाना आजोबांचा सराफी काटा घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरवडाही उरला नव्हता. सुरत लाइनच्या गाडीने, मांडीवर डबा सांभाळत आले. त्यांचा धंदा आता सगळा इलेक्ट्रॉनिक काट्यावर. हा जुना काटा आखाजीला आणि लक्ष्मीपूजनाला गादीवर मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि परत डब्यात ठेवायचा. मधल्या काळात डबा कुठल्याशा ओलसर फडताळात राहिला नि पोलादी दांडीवर तांबड्या गंजाचे चट्टे उठले. "मूळचा काळा होता. तसाच काळा करा. रंग मारायचा नाही," एवढीच अट.

मी जळगावच्या एमआयडीसीत टूलरूमला फिटर होतो. आता पिंप्राळ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारीकसारीक कामं करतो. नानांना आधी एका ठिकाणी 'ब्लॅकोडायझिंग करून देतो, तासाभराचं काम' असं सांगितलं होतं. नशीब, त्यांनी दिलं नाही. ब्लॅकोडायझिंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या द्रावणात १४० अंशांच्या आसपास माल उकळायचा. नटबोल्टला उत्तम. पण या दांडीच्या मधोमध जो उभा काटा आहे, तो पितळेचा आणि कथिल-शिशाच्या सोल्डरने बसवलेला. गरम कॉस्टिक कथिल खातं. जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्याही अशाच सोल्डरने जोडलेल्या असत, म्हणून त्या कधी गरम कॉस्टिकमध्ये घालत नसत. त्यांना जी रीत वापरायचे, तीच इथे वापरायची होती: पोलाद मुद्दाम गंजवायचं, तो गंज पाण्यात उकळायचा, घासायचा, पुन्हा गंजवायचं. यात उकळत्या पाण्यापेक्षा जास्त उष्णता कुठेच लागत नाही. सोल्डर वितळायला १८० अंशांच्या वर जावं लागतं, तेव्हा ती काळजी मिटते.

यातलं शास्त्र सोपं आहे. तांबडा गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांचं संयुग. तोच गंज उकळत्या पाण्यात टाकला की त्याचा मॅग्नेटाइट होतो, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड. चुंबकपाषाणात असतो तोच. तांबडा गंज सुटा, भुसभुशीत, पोलाद खात आत जाणारा. काळा मात्र अंगाला धरून बसतो. उकळायचं सोडून नुसतं घासत गेलात तर रंग तपकिरी येतो. जुन्या काळी तोही मुद्दाम करत.

शास्त्र सोपं, पण आमची हवा अवघड. या कामाला दमट हवा लागते, आणि एप्रिलात जळगावात दुपारी दोरीवर टाकलेला पंचा वळून बघेपर्यंत वाळतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, हवेत ओल म्हणाल तर नाही. दांडीला द्रावण लावून उघड्यावर ठेवलं तर ते गंज धरायच्या आधीच सुकून बसतं. म्हणून प्लायवुडची एक पेटी केली आहे. तळाला गरम पाण्याचं पातेलं, बाजूंना ओलं गोणपाट, आणि झाकण मुद्दाम तिरकं. झाकणावर वाफ थिजून थेंब होतात. ते सरळ मालावर पडले तर त्या जागी गंज खड्डा करतो. तिरक्या झाकणावरून थेंब कडेला ओघळून जातात. आत एक आर्द्रता-मापक ठेवलाय. त्याचा काटा ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहिला की मी निश्चिंत. पेटी करण्याआधी घरच्या कूलरवाल्या खोलीत माल टांगून बघायचं डोक्यात आलं होतं, पण घरच्यांनी तो विषय उंबऱ्यावरच संपवला.

द्रावण माझं घरचंच. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंडाचा कीस थोडाथोडा विरघळवायचा आणि नंतर ते आम्ल पाण्यात ओतायचं. पाणी आम्लात कधीच नाही. कीस टाकताना तपकिरी धूर निघतो, तो विषारी असतो. हे काम अंगणात, वारा पाठीकडून येईल असं उभं राहून आणि घरात पोरंसोरं नसताना करावं. नाना ऐकत होते. "तेजाब तर आमच्या घरातलंच. लागलं तर सांगा," म्हणाले. सोनाराला नायट्रिकचं काय कौतुक!

दांडीचा जुना गंज आधी तेल आणि मऊ घासणीने काढला, मग चारशे नंबरचा पॉलिश पेपर मारला. इथे हात फार जपून चालवावा लागला. काट्याच्या दोन्ही भुजा सारख्या घासायच्या. एका बाजूला चार हात जास्त मारले तर तोल जातो. ज्या तीन धारांवर दांडी आणि पारडी टेकतात त्यांना तर पेपर लावलाच नाही. त्या धारांवर आणि पितळेच्या काट्यावर आम्लाचा थेंबही नको, म्हणून दांडी सोड्याने आणि ॲसिटोनने धुऊन झाल्यावर तिथे नेलपॉलिश लावलं. लेक आखाजीला माहेरी आली होती, तिच्या पर्समधलं. गुलाबी. उकळताना ते कुठे कुठे सुटतं, तेव्हा दर फेरीला पुन्हा लावायचं. ती म्हणाली, "बाबा, बाटली आता तुम्हीच ठेवा."

दांडी खरंच स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पाणी सांगतं. दांडी पाण्यातून उचलली की पाण्याचा अखंड पापुद्रा तिच्यावर राहिला पाहिजे. कुठे तो फाटला, थेंब गोळा झाले, की तिथे तेलाचा अंश आहे. उघड्या बोटाचा एक ठसा पुरतो; शेवटी तो ठसा काळ्यावर पांढुरका उठून दिसतो. म्हणून हातमोजे घातले की काम संपेपर्यंत ते काढायचे नाहीत, कपाळावरचा घामही त्यांनी पुसायचा नाही. आमच्या शेडमध्ये एप्रिलात ही अट फार कडक आहे.

द्रावणाचा पहिला हात लावून दांडी रात्री पेटीत टांगली. कापूस जवळजवळ कोरडा वाटेल इतका पिळून घ्यायचा, एका दिशेने एकदाच ओढायचा, मागे यायचं नाही. सकाळी झाकण काढलं तर सगळ्या दांडीवर नारिंगी-तांबडा बारीक गंज, मखरावर उडवलेल्या गुलालाइतका एकसारखा. असा गंज आला म्हणजे अर्धं काम झालं. मी खूश होऊन दांडी बाहेर तारेला टांगली, गॅसवर पाणी चढवलं, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

नाना. हॉलमार्किंगच्या कामाला जळगावला आले होते, म्हटलं काटा बघून जाऊ.

एरवी माझ्याशी ते शुद्ध मराठीत, 'मिस्तरी, तुम्ही' असं बोलतात. दांडी दिसली आणि ते सरळ अहिराणीवर आले. "हाई काय करी टाकं रे भो? बठ्ठा गंजी गया! मना आजाना काटा शे तो!" आवाज असा चढला की शेजारचे भिंतीवरून डोकावले. मी सांगायला लागलो की नाना, हा गंज मी आणलाय, आला नाहीये. पण हे वाक्य ऐकून कोणाचा राग शांत होईल? ज्या चट्ट्यांपायी त्यांनी काटा माझ्याकडे दिला, त्या चट्ट्यांनी आता पूर्ण दांडी भरली होती. त्यांनी हात पुढे केला, तशी मी दांडी मागे घेतली. "रागवा, पण बोट लावू नका," म्हटलं. यावर ते आणखी भडकले.

मग बोलणं सोडून दिलं आणि त्यांना पातेल्यापाशी उभं केलं. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड; इथल्या बोअरच्या पाण्याने क्षारांचे डाग पडतात. पातेलं स्टीलचं; ॲल्युमिनियमचं या कामाला चालत नाही. दांडी सुती दोऱ्याला बांधून, तळाला टेकणार नाही अशी, खळखळत्या पाण्यात सोडली. आधी काही नाही. मग नारिंगी मळकट झाली, मळकटची तपकिरी झाली. नाना चष्मा पुसून वाकले. वाफेने चष्मा पुन्हा धुरकटला. मिनिटा-दोन मिनिटांत टोकांकडून काळेपणा सरकत मध्ये आला आणि तांबडं कुठे उरलंच नाही.

"काया व्हई गया रे!" नाना म्हणाले, आणि लगेच, "रंग टाकला काय पाण्यात?" सराफाचा संशय! मी पातेल्यातलं पाणी पेल्यात काढून दाखवलं. स्वच्छ.

पंधरा-वीस मिनिटं उकळू दिलं. बाहेर काढलेली दांडी स्वतःच्याच उष्णतेने क्षणात कोरडी झाली. आता ती मखमली काळी दिसत होती, आणि हे दिसणं फसवं असतं. नानांना वाटलं, झालं काम. मी अगदी बारीक पोलादी तारेचा ब्रश घेऊन घासायला लागलो आणि तो सुंदर काळा रंग भुकटी होऊन खाली पडायला लागला. खाली निघाला राखाडी, मध्येच फिका, मध्येच डागाळ. नाना पुन्हा हादरले. "गेला की सगळा!" गेला नव्हता, सुटा होता तो गेला, धरून बसलेला राहिला. दर फेरीला असा एक पातळ थर उरतो. साधारण सहा ते दहा फेऱ्यांत तो दाट होतो, आणि इतकं करूनही त्याची जाडी मायक्रॉनमध्येच मोजावी लागते.

ही गोष्ट मात्र त्यांना पटकन पटली. सोनाराला थराचं सांगावं लागत नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, द्या, मी घासतो. पिशवीतून स्वतःचा ब्रश काढायला लागले, रिठ्याच्या पाण्यात दागिने उजळतात तो पितळी. तो ठेवायला लावला, कारण पितळेची तार ऑक्साइडवर पिवळट रेघा सोडते. हातमोजे घालून त्यांनी माझ्या ब्रशने भुजा घासल्या. तो हात बघण्यासारखा होता: अजिबात दाब नाही, मनगट सैल, ब्रश आपल्याच वजनाने चाललेला. माझ्या हातात वाईस आणि कानस मुरलेली आहे. मला एवढा हलका हात जमत नाही.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत दुसरा हात लावून दांडी पेटीत गेली. पुढच्या फेऱ्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. सकाळी उकळ, घास, लाव. रात्री उकळ, घास, लाव. द्रावण दर वेळी आधीपेक्षा कमी, कारण जास्त ओलं लागलं तर ते आधी बसलेला थरच विरघळवतं. डाग एकेक करून बुजले. शेवटी शेवटी गंज इतका विरळ यायला लागला की उकळून घासल्यावर रंगात फरक पडेना, तेव्हा थांबलो. खायच्या सोड्याच्या पाण्यात एक उकळी दिली, नाहीतर सांधीकोपऱ्यात राहिलेलं आम्ल पुढे महिनाभर गंज काढत राहतं. ॲसिटोनने गुलाबी नेलपॉलिश काढलं. धारा होत्या तशा निघाल्या. मग दांडी रात्रभर तेलात. तेल महत्त्वाचं. हा काळा थर स्वतः गंज थोपवत नाही. तो सच्छिद्र असतो, तेल धरून ठेवतो, आणि राखण ते तेल करतं. दिवाळीला काटा बाहेर काढाल तेव्हा तेलाचा बोळा फिरवा, हे नानांना मी निक्षून सांगितलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी ते घ्यायला आले. रंग त्यांनी उजेडात एकदाच बघितला, काळा निळसर, चमक नाही, आणि मान हलवली. रंगाचं त्यांना फार पडलंच नव्हतं. त्यांनी पारडी अडकवली, दांडी उचलली आणि उभ्या काट्याकडे बघत राहिले. एक बाजू जराशी वर. डबीतून गुंजा काढल्या; त्या ९६ भरल्या की एक तोळा, म्हणजे गुंज जवळपास ०.१२ ग्रॅमची. हलक्या बाजूला एक टाकली तर ती बाजू खाली गेली. फरक गुंजेच्या आतला.

मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी जड पारडं उलटं केलं. खाली लाखेचा मसुराएवढा गोळा चिकटवलेला. आजोबांनी तोल साधायला लावलेला पासंग! नानांनी काडी पेटवून सुरीचं टोक तापवलं, गोळ्याचा कण उचलला, परत तोललं. आणखी एक कण. दांडी सरळ. मग दोन्ही पारड्यांत सारखी वजनं ठेवली, आणि वजनांची अदलाबदल करून पुन्हा बघितलं. रिकामा काटा सरळ उभा राहतो म्हणून भुजा सारख्या असतीलच असं नाही, ते असं अदलाबदलीत कळतं. काटा जागचा हलला नाही.

पैशांची घासाघीस त्यांनी त्यानंतर केली, आणि मनापासून केली.

आखाजी उलटून आठवडा होतो न होतो तोच एक माणूस नानांची चिठ्ठी आणि जड पिशवी घेऊन दारात हजर. ठसे, चिमटे, एक छोटी ऐरण आणि तार ओढायचं जंतर. सगळं काळं करून हवं होतं. चिमटे ठेवून घेतले. बाकीचं परत पाठवलं. ऐरणीचा माथा आणि ठशांची तोंडं आरशासारखी लागतात, तिथे गंजाचं काय काम? जंतराचं तर नावच नको: आधीच कडक पाणी दिलेलं पोलाद, त्याला गंज सावकाश आणि असमान धरतो, आणि त्याच्या भोकांत बारीकसा खड्डा पडला तरी पुढे ओढलेल्या प्रत्येक सोन्याच्या तारेवर ओरखडा उठेल. हे सगळं चिठ्ठीत लिहिलं, आणि खाली एक ओळ: चिमटे पावसाळ्यात करून देईन, तोवर पेटी ओली ठेवायचा त्रास नको.