नळीतली हवा

रविवार, रात्री पावणेबारा.

आज नळी पेटली. पेटली म्हणायचं आपलं, आत जळत काहीच नाही. काचेच्या नळीतल्या विरळ वायूतून वीज गेली की तो उजळतो, इतकंच.

तीन रविवार गेले. विजेचं काम खरं तर पहिल्याच दुपारी उरकलं होतं. भंगारातली स्कूटरची इग्निशन कॉइल, एक मॉस्फेट (झटपट उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), ५५५ टायमर (त्या स्विचला ताल देणारी चिप), बारा व्होल्टची बॅटरी. कॉइल सोडून बाकी सगळं पुण्यात पासोड्या विठोबापाशी, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका फेरीत मिळालं. अर्ध्या सेंटीमीटरची ठिणगी तडतडली आणि मला वाटलं, झालंच की! मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापर, असं एकाने सुचवलं होतं. त्याला हात जोडले. त्या ट्रान्सफॉर्मरचा करंट माणसाला दुसरी संधी देत नाही.

पण नळी तीस सेंटीमीटरची. मोकळ्या हवेत सेंटीमीटरमागे साधारण ३०,००० व्होल्ट लागतात, एवढे कुठून आणणार? मग व्होल्टेज वाढवण्यापेक्षा हवा कमी करायची. दाट हवेत इलेक्ट्रॉनला वेग घ्यायलाच वाव मिळत नाही, पावलापावलाला धडक. हवा विरळ केली की तो मोकळा धावतो. फारच विरळ केली तर धडकायला कोणी उरतच नाही आणि पुन्हा अडतं. मधला सोपा टप्पा सापडला पाहिजे. पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हे १८८९ मध्ये मांडलं. बॉनमधल्या गाइसलर या काच फुंकणाऱ्या कारागिराने त्याआधीच, १८५७ मध्ये, अशा नळ्या उजळवल्या होत्या. स्वतः केलेल्या पाऱ्याच्या पंपाने!

माझा पंप एसी दुरुस्त करणाऱ्या मित्राचा. काचेची जाड नळी, दोन्ही टोकांना रबरी बुचं, त्यांतून वीज आत न्यायला स्टेनलेसचे स्क्रू, वर एपॉक्सीचा थर. पंप लावला की जांभळट गुलाबी नागमोडी रेघ यायची, छानच दिसायची. तो हवेतल्या नायट्रोजनचा रंग. मला पाहिजे होता आर्गॉन वायूचा. फॅब्रिकेशनवाल्याकडे वेल्डिंगचा सिलिंडर असतो, त्याने फुगा भरून दिला. (सिलिंडर थेट नळीला जोडायचा नाही. काच फुटून तोंडावर येईल.) थोडा आर्गॉन आत सोड, पुन्हा ओढून घे, पुन्हा सोड. चार वेळा केलं. रंग जरा निळसर झाला, पण पंप बंद केला की पाच मिनिटांत परत गुलाबी.

खरंच गुलाबी की मनाचे खेळ? डोळ्यांवर भरवसा नव्हता, म्हणून बुटाच्या खोक्याला फट पाडून आत डीव्हीडीचा तुकडा बसवला; तो प्रकाशातले रंग वेगवेगळे करून दाखवतो. आर्गॉनच्या सुट्या रेघा दिसतात, नायट्रोजनचे रुंद पट्टे. पट्टेच होते. म्हणजे हवा कुठूनतरी शिरत होती.

दुसरा अख्खा रविवार मी बुचांच्या कडांना एपॉक्सी थापत बसलो. या रविवारी सकाळी सायकलचं पंक्चर काढायला गेलो, पंक्चरवाल्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, आणि माझी ट्यूबलाइट तेव्हा पेटली. घरी येऊन नळी बादलीत धरली, दुसऱ्या बाजूने तोंडाने हळू फुंकलं. बुचं कोरडी ठाक. बुडबुडे येत होते स्क्रूच्या आट्यांमधून! मी फक्त वरून लेप देत होतो, आणि हवा आपली आट्यांच्या जिन्याने खाली उतरत होती.

स्क्रू काढले, आट्या एपॉक्सीत माखून परत बसवले, दिवसभर वाळू दिलं. संध्याकाळी नळीसमोर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, डोळ्यांना गॉगल, एक हात खिशात (धक्का बसलाच तर एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जायला नको). भावाला स्विचपाशी उभं केलं. खोलीतला दिवा घालवला.

फिकट जांभळा. आधी दोरीसारखा, मग दाब आणखी उतरला तसा नळीभर पसरला आणि त्याचे तुकडे पडले: प्रकाशाची चकती, अंधार, पुन्हा चकती. एका टोकाला काळी पोकळी. या चकत्यांबद्दल वाचलं होतं, तरी बघताना हसूच आलं. बोट जवळ नेलं की (काचेपासून लांबच) चकत्या तिकडे झुकतात.

आई दारात येऊन बघून गेली. "एवढ्यासाठी तीन रविवार? घरात ट्यूबलाइट आहेच की." चुकीचं काहीच नाही. तिच्यातही आर्गॉनच, जोडीला चिमूटभर पारा आणि काचेला आतून पावडर.

साडेनऊला झडप बंद करून पंप परत दिला. आत्ता झोपायच्या आधी नळी मिनिटभर लावली आणि खोक्यातून पाहिलं. रेघा आहेत. त्यांच्या मागे, अगदी पुसट, एक पट्टा.

बहुतेक झडपेचा रबर. उद्या ऑफिसातून येताना ग्रीस आणायचं.