कमी वजनाचं बाळ आणि छातीची ऊब

अडीच किलोच्या आतल्या बाळासाठी मिठी हा उपचारच आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या) पुरत नव्हते, म्हणून डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. तीच ही 'कांगारू केअर'.

बाळाला फक्त लंगोट, टोपडं, पायमोजे. दोन्ही स्तनांच्या मधोमध उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडून, डोकं एका बाजूला वळवून किंचित वर. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: बाळाची हनुवटी त्याच्या स्वतःच्या छातीला टेकली की श्वासाची वाट दबते. बाळाला आईशी बांधायच्या कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली हवी. घट्टपणा छातीपाशी ठेवा, पोटावर नको, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. आईने पाठीला उशा लावून रेलून बसावं.

एका वेळी निदान तासभर तरी. वारंवार काढ-घाल केली तर बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. एवढं आईला एकटीने कसं जमणार? बाबा, आजी, मावशी यांनी पाळी घ्यावीच.

ओठ निळसर दिसले किंवा श्वास थांबतोय असं वाटलं, तर लगेच नर्सना हाक मारा.