हार्लेम: लाल केसांच्या मुलीचं गाव

नेदरलँड्सला आलेले आपले पाहुणे ट्युलिप बघतात, पवनचक्क्या बघतात, अ‍ॅमस्टरडॅमला अ‍ॅन फ्रँकच्या घरी जातात आणि परत जातात. हार्लेम तिथून ट्रेननं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर आहे, तरी तिथं कोणी उतरत नाही. मी गेलो ते फक्त हानी स्खाफ्तसाठी, दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांच्याविरुद्ध लपूनछपून लढलेल्या मुलीसाठी.

स्टेशनातून बाहेर पडलं की चालत थोड्याच अंतरावर केनाउपार्क लागतं. केनाउ म्हणजे सोळाव्या शतकात स्पॅनिश सैन्यानं हार्लेमला वेढा घातला तेव्हा गाव राखायला उभी राहिलेली बाई, आणि तिच्याच नावाच्या बागेत हानीच्या स्मरणार्थ शिल्प आहे, १९८२ मधलं. ते केलंय ट्रूस ओव्हरस्टेखेननं. ट्रूस म्हणजे हानीची मैत्रीण, तिच्याच गटात जर्मनांविरुद्ध काम केलेली! युद्धानंतर ती शिल्पकार झाली आणि मैत्रिणीचं स्मारक तिनं स्वतःच्या हातांनी घडवलं. हे आधी माहीत असून सुद्धा तिथं उभं राहिल्यावर मला काही सुचेना, बराच वेळ तिथेच थांबलो.

हानीचा जन्म १९२० चा, हार्लेमचाच. अ‍ॅमस्टरडॅमला कायदा शिकत होती. १९४३ मध्ये जर्मनांनी विद्यार्थ्यांकडून निष्ठेच्या कागदावर सह्या मागितल्या, बहुतेकांनी नाही म्हटलं, हानीनं पण नाही म्हटलं आणि शिक्षण सोडून घरी आली. पण काम त्याआधीच सुरू झालं होतं, ज्यू मैत्रिणींसाठी ओळखपत्रं चोरायची, पुढे त्यातल्या दोघींना तर तिनं आईवडिलांच्या घरात लपवलं. मग ती सशस्त्र गटात गेली आणि तिथे तिला ट्रूस आणि तिची धाकटी बहीण फ्रेडी भेटल्या. फ्रेडी या कामात आली तेव्हा फक्त १४ वर्षांची होती, म्हणजे आपल्याकडची नववीतली मुलगी. गटाचा माणूस घरी विचारायला आला तेव्हा आईनं हो म्हटलं, फक्त माणुसकी सोडू नका एवढं बजावलं.

यांच्याबद्दल कुठेही वाचा, पिस्तुलाच्याच गोष्टी जास्त असतात. त्या खऱ्याच आहेत, या मुलींनी जर्मन अधिकाऱ्यांना आणि त्यांना फितूर झालेल्या डच लोकांना गोळ्या घातल्या. पण मला स्वतःला त्यामागचं रोजचं काम जास्त मोठं वाटतं. सायकलवर निरोप, कागद, हत्यारं पोचवायची, कोण माणूस किती वाजता कुठून जातो यावर दिवसेंदिवस नजर ठेवायची, समुद्रकाठच्या जर्मन बांधकामांची माहिती काढायची. हानीला जर्मन छान यायचं, त्यामुळे सैनिकांशी सहज बोलता यायचं, आणि सायकलवरच्या तरुण मुलीवर तपासणी नाक्यावर पुरुषांइतका संशय घेतला जायचा नाही. त्यांना एकदा नेदरलँड्समधल्या जर्मन राजवटीचा प्रमुख साइस-इंक्वार्टच्या मुलांना पळवून आणायचं काम सांगितलं गेलं, तर तिघींनी साफ नकार दिला, कारण डाव फसला तर मुलं मेली असती. मला तर या नकारापुढे बाकी सगळ्या कारवाया लहान वाटतात.

जून १९४४ मध्ये झांडममध्ये एका फितूर पोलीस अधिकाऱ्यावर हल्ला करताना हानीचा साथीदार यान बोनेकाम्प जखमी होऊन पकडला गेला आणि मरण्याआधी जर्मनांना त्याच्याकडून हानीचं नाव कळलं. त्यांनी तिच्या आईवडिलांना उचलून फ्युख्टच्या छळछावणीत टाकलं. केवळ तिनं शरण यावं म्हणून! तिनं लाल केस काळे रंगवले, साध्या काचेचा चष्मा लावला आणि पुढे परत कामाला लागली. २१ मार्च १९४५ ला हार्लेममध्येच नाक्यावर तिच्याकडे भूमिगत वर्तमानपत्रं आणि पिस्तूल सापडलं, आणि तुरुंगात केसांची मुळं लाल दिसायला लागल्यावर ही कोण ते त्यांना कळलं. १७ एप्रिलला वाळूच्या टेकड्यांत नेऊन तिला मारलं. त्यानंतर १८ दिवसांनी, ५ मे ला, देश सुटला.

त्या टेकड्या ओव्हरफेनजवळ आहेत. हार्लेमहून झांडफोर्टच्या गाडीनं पहिलंच स्टेशन, पुढे मी सायकल घेतली, रस्ता चढउताराचा आहे आणि समुद्राकडून वारा अंगावर येतो. युद्धानंतर या वाळूत प्रतिकार करणाऱ्या ४२२ जणांची प्रेतं सापडली. त्यात ४२१ पुरुष आणि एकटी हानी. नोव्हेंबर १९४५ मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या उपस्थितीत तिचं इथं दफन झालं. आणि तरीही काही वर्षांतच, शीतयुद्धाच्या दिवसांत, तिचा गट कम्युनिस्टांच्या जवळचा म्हणून तिचं नाव घेणं अवघड झालं, १९५१ मध्ये तर तिच्या स्मृतिसभेवर बंदी घालून पोलीस आणि लष्कर उभं केलं. हे वाचून मला अजून राग येतो. ट्रूस आणि फ्रेडीला सरकारी सन्मानपदक मिळालं ते थेट २०१४ मध्ये, दोघी नव्वदीच्या आसपास असताना.

हानीची स्मृतिसभा आता दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी हार्लेमला होते. त्या सुमारास इकडे असाल तर तोच दिवस धरा, आणि टेकड्यांवर जाणार असाल तर दुपारी लवकर निघा कारण अंधार फार लवकर पडतो.