५४ नंबरचं दुकान

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या जुन्या नोंदींच्या दप्तरखान्याचं दार उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. सत्तरी ओलांडलेले, न्यूझीलंडहून आलेले, गळ्यात कॅमेरा. आत आल्या आल्या त्यांनी मला पडद्यावरचा फोटो दाखवला: विटांचं दुमजली घर, दारावर ५४ आकडा आणि दारात ते स्वतः, डोळे पाणावलेले. ‘पणजोबांचं पहिलं दुकान,’ ते म्हणाले. ‘आता तुम्ही मला दुसरं शोधून द्या.’

त्यांच्याजवळ पणजोबांच्या दुकानाची दोन जुनी बिलं होती, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. एकावर छापील पत्ता ५४, दुसऱ्यावर ९७. रस्ता तोच, बेलग्रेव्ह गेटजवळचा. (लेस्टरमध्ये ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, रस्ता. तो शब्द वायकिंगांचा. मलाही इथे आल्यावर वर्षभर वेशी शोधून झाल्यावर कळलं.) घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत अशी: पणजोबांनी ५४ मध्ये छोटं दुकान टाकलं, धंदा फळफळला, मग समोरच्या बाजूला ९७ मध्ये मोठं दुकान घेतलं, शिवाय एक हॉटेलही चालवलं. दुकान कुठल्या वर्षी हललं, एवढंच त्यांना हवं होतं.

अशा कामात आम्ही पहिला हात घालतो तो व्हिक्टोरियन काळातल्या व्यापारी डिरेक्टऱ्यांना, म्हणजे गावातल्या धंदेवाल्यांची नावं-पत्ते छापलेल्या पुस्तकांना. इंग्लंडची जनगणना दहा वर्षांतून एकदा: १८६१, १८७१, १८८१. मधल्या काळात माणूस कुठे होता, काय विकत होता, हे डिरेक्टरी सांगते. कोण खाटीक, कोण पाववाला, कोण वकील, कुठल्या खाणावळीपासून कुठल्या गावाला कुठल्या वारी मालाची गाडी सुटते, सगळं डोळे फोडणाऱ्या बारीक टाइपात. शेफील्डचा विल्यम व्हाइट, मँचेस्टरचा पिगट, लंडनचा केली ही त्यातली मोठी नावं. हा केली टपाल खात्यातला, पत्रं वाटणाऱ्यांवरचा इन्स्पेक्टर. त्यानं हाताखालच्या पोस्टमनांनाच माहिती गोळा करायला आणि पुस्तकं खपवायला जुंपलं. त्यावरून पुढे बरीच ओरड झाली. मला तो माणूस हुशार वाटतो. दारोदारची खबर पोस्टमनपेक्षा जास्त कुणाला असणार?

हॉटेलचा निकाल पाच मिनिटांत लागला. धंद्यांच्या यादीत हॉटेलं आणि खाणावळींच्या मथळ्याखाली पणजोबा नव्हते. होते ते ‘बिअर रिटेलर’ या मथळ्याखाली. १८३० च्या कायद्यानं दोन गिनी भरून घरपट्टी देणाऱ्या कुणालाही बिअर विकायचा परवाना मिळायला लागला, आणि लोकांनी घराच्या पुढच्या खोलीत पिंपं मांडली. पणजोबांचं हॉटेल ते हेच, किराण्याच्या दुकानातलं एक पिंप. आपल्याकडे भजी तळणाऱ्या टपरीवरही ‘हॉटेल’ अशी पाटी असते, तेव्हा मी कुठल्या तोंडानं हसू? तेही मनमोकळं हसले.

मग माझी चूक. १८६० च्या दशकातल्या डिरेक्टरीत पणजोबा ५४ ला सापडले, १८८० च्या दशकातल्या डिरेक्टरीत ९७ ला. मी लगेच म्हणून मोकळी झाले, ‘हो, मधल्या वीस वर्षांत कधीतरी हलले असणार.’ ते खूश होऊन जेवायला गेले.

ते गेल्यावर माझ्यातली सदाशिव पेठ जागी झाली. मी जिथे वाढले तिथे घराच्या नंबरावर कुणी विश्वास ठेवत नाही. पत्ता सांगायचा तो ‘मारुतीच्या मागे, छापखान्याच्या शेजारी’ असा. म्हटलं, पणजोबांचा शेजार तरी बघू.

नव्या पुस्तकात रस्त्यांचा वेगळा विभाग होता. दारामागून दार, मध्ये आडवा रस्ता आला की त्याचंही नाव. जुन्या पुस्तकात तो नव्हताच. नुसत्या नावांच्या आणि धंद्यांच्या याद्या. म्हणजे तो रस्ता मलाच उभा करायचा होता. आमच्याकडे शाईला बंदी, म्हणून शिसपेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून बसले: खाटीक, पाववाले, बूट शिवणारे, न्हावी, कोळसेवाले. त्या रस्त्याचं नाव दिसलं की आकडा कागदावर. ही पुस्तकं आता स्कॅन होऊन संगणकावर आली आहेत. लेस्टर विद्यापीठानंच इंग्लंड-वेल्समधल्या शेकडो डिरेक्टऱ्या त्या रूपात आणल्या. पण तिथे शोध टाकला की हवी ती ओळ पिवळी होते आणि नजर शेजारी जातच नाही. हे काम पानं उलटूनच होतं.

तासाभरानं कागदावर एक फाटकी बत्तीशी तयार झाली. ५२ ला कोपऱ्यावरचा पब, ५४ ला पणजोबा, ५६ ला खाटीक, ६० ला पाववाला. मधले ५७, ५८, ५९ रिकामे. तिथे कुणी राहत नव्हतं असं नाही. मोजे विणणारे, बूट शिवणाऱ्या कारखान्यांत राबणारे लोक या पुस्तकांत बहुतेक नसतातच. डिरेक्टरी धंदेवाल्यांनी धंदेवाल्यांसाठी काढलेली. ज्यांच्या हातांवर लेस्टर मोठं झालं, ते माझ्या कागदावर कोऱ्या जागा होऊन बसले होते.

मग नवं पुस्तक शेजारी ठेवलं. तोच पब, आता १०१. पणजोबा ९७. तोच खाटीक ९३. पाववाल्याचा मुलगा ८५. जुन्या नंबरात दोनानं वाढ, तिथे नव्या नंबरात चारानं घट! सगळा रस्ता एका रात्रीत उठून समोर जाणं शक्य नव्हतं. जुने नंबर एका बाजूनं ओळीनं चढत टोकापर्यंत गेले होते आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत आले होते. पुढे सगळ्या रस्त्याला नवे नंबर दिले, एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. दुकान हललं नव्हतं. दारावरची पाटी बदलली होती.

खात्रीसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, १८८० च्या दशकातला नकाशा काढला. त्यात घरांचे नंबर नसतात, पण आडवे रस्ते असतात. त्यांवरून जागा पक्की झाली. रस्त्याचं ते टोक आता नाही. रस्ते रुंद करताना ते गेलं, मग तिथे फ्लायओव्हर आला आणि २०१४ मध्ये तोही पाडला.

ते सँडविच खाऊन परतले तेव्हा मी दोन्ही पुस्तकं उघडी ठेवून उभी होते. सकाळी आपल्याच तोंडानं दिलेलं परत घ्यायचं होतं. भरभराट नाही, मोठं दुकान नाही, सकाळचा फोटो चुकीच्या घरासमोरचा. मी आडवळणं न घेता सांगितलं आणि पेन्सिलीचा कागद पुढे सरकवला. ते बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवत राहिले.

‘म्हणजे वीस वर्षं तोच खाटीक शेजारी?’

‘एक घर सोडून.’

‘आणि मधल्या घरात?’

‘यात नाही. जनगणनेत सापडेल.’

त्यांनी मान डोलावली. मग एकदम म्हणाले, ‘मग मी सकाळी कुणाच्या दारात उभा होतो?’

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आजचं ५४ म्हणजे नव्या नंबरांतलं ५४. मी रस्त्याच्या विभागात समोरची बाजू काढली. ५४ : मिसेस अमुक, ड्रेसमेकर. जुन्या पुस्तकातही तीच होती, २७ नंबरला.

‘त्या बाईंच्या दारात मी रडलो,’ ते म्हणाले, आणि त्या पानाचीही झेरॉक्स मागितली.