साउंडवाल्याचे पूर्ण, महाराजांचे अकराशे

सप्त्यात साउंडचं मशीन लावायचं म्हणजे पहाटे काकड्याआधी उठायचं आणि रात्री कीर्तन उठलं की वायरी गुंडाळायच्या. पण खरी परीक्षा कीर्तनाचीच. वर पत्रा, मागं पंचवीस-तीस टाळकरी, टाळाचा खणखणाट सरळ महाराजांच्या माइकमध्ये घुसतो, ट्रेबल जास्त काढली तर शब्द कळत नाहीत, आणि पखवाजाच्या धुमेला, म्हणजे घुमणाऱ्या डाव्या तोंडाला, ओली कणीक असते म्हणून तो माइक वीतभर लांब ठेवायचा, नाहीतर नुसती घुमघुम. सहाव्या रात्री दोन तासांत माइकची एकदाही शिट्टी येऊ दिली नाही मी.

त्या दिवसाचे महाराज पंचविशीतले, जोग महाराजांनी 1917 ला आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रडल्या असं कीर्तन. फोनवर पाच हजार ठरले होते, हातात आलं नारळ, शाल आणि अकराशेचं पाकीट. गाडी भाड्याची, सोबत गायक. त्यांनी विचारलं तर कमिटीतले एक काका तुकोबांचा अभंग म्हणाले, 'जेथें कीर्तन करावें तेथें अन्न न सेवावें'. शेवटच्या ओळीत 'द्रव्य घेती' म्हणून थांबले. पुढं 'देती तेही नरका जाती' आहे, ते मला पण पाठ आहे आणि काकांना तर नक्कीच. दुसऱ्या दिवशीच्या काल्याच्या मोठ्या महाराजांचे पैसे आधीच खात्यावर गेले होते, तिथं कुणाला अभंग आठवला नाही, याचा मला अजून राग येतो.

माझे सातही दिवसांचे पैसे पूर्ण मिळाले. मंडपवाल्याचे, आचाऱ्याचे पण. देवाचं काम म्हणून आम्हाला कुणी अभंग ऐकवत नाही.

गाडीपाशी मी म्हटलं, महाराज, तुम्ही भांडायला पाहिजे होतं. ते म्हणाले, 'माउली, अभंग खोटा कसा म्हणू? चार वर्षं लोकांच्या माधुकरीवर शिकलो, फी कुणी घेतली नाही माझ्याकडून. पण डिझेल तर टाकावं लागतं ना.' मग विचारलं, 'तुमचे दिले ना सगळे?' मी हो म्हटलं. 'बरं झालं,' म्हणाले आणि निघाले.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, शेती होती. या पोराकडे काय आहे? पण मग वाटतं, ठरवून पैसे घ्यायला लागले की उद्या ज्या गावाकडे वर्गणी नाही तिथं कीर्तनाला कोण जाणार? रात्री वायरी गुंडाळताना हेच डोक्यात असतं. पैसे मोजून खिशात टाकले तेव्हा मी कमिटीसमोर एक शब्द बोललो नाही, आणि मला सगळं ऐकू आलेलं होतं.