दहा बाय तेराच्या खोलीत ५.१ बसवताना

खोली १० फूट रुंद, १३ फूट लांब, छत साडेनऊ फुटांवर. टीव्ही दहा फुटी भिंतीवर. बसवायचं होतं ५.१, म्हणजे पुढे दोन स्पीकर, त्यांच्या मध्ये सेंटर, कानामागे दोन सराउंड आणि खोल आवाजासाठी एक सबवूफर (सब). अशा खोलीत सोफा मागच्या भिंतीला टेकवायचा मोह होतो, तो आवरायचा. भिंतीलगत बास (खोल, जाड आवाज) फुगतो आणि सराउंडला कानामागे जागाच उरत नाही. बरोबर मध्यावर बसणंही वाईट. १३ फुटांत साधारण ४३ हर्ट्झची स्थिर लहर (दोन भिंतींमध्ये जागीच डोलणारी ध्वनिलहर) तयार होते आणि मध्यावर तिचा दाब जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे तेवढा बास तिथे ऐकूच येत नाही. म्हणून डोकं मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येईल अशी बैठक ठेवली. ही जागा पक्की होईपर्यंत भिंतीला ड्रिल लावलं नाही, कारण बाकीची सगळी मापं इथूनच निघतात.

पुढचे दोन स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे घेतले, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून डोक्यापर्यंत सरळ अंतर ७ फूट उरलं. दोघांमधलं अंतरही ७ फूटच ठेवलं. ही दोन अंतरं सारखी असली की मधल्या रेषेपासून प्रत्येक स्पीकर सुमारे २७ अंशांवर येतो. डॉल्बी या ध्वनितंत्र कंपनीची शिफारस २२ ते ३० अंशांची आहे. कोनमापक लागत नाही, दोरी आणि खडू पुरतात. ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर साधारण सव्वातीन फुटांवर. सेंटर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलला की संवाद घुमतात. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढून, खाली रबराची पाचर देऊन तोंड कानाकडे वर केलं.

लहान खोलीत खरी अडचण सराउंडची. ५.१ मध्ये त्यांची जागा कानाच्या रेषेच्या किंचित मागे, समोरच्या मधल्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर. माझ्या मापात ते कानापासून १९ इंच मागे, बाजूच्या भिंतींवर आले. पण डोक्यापासून आडवं अंतर जेमतेम साडेचार फूट, त्यामुळे कानाच्याच उंचीला लावले तर सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला एकच स्पीकर ऐकू येतो. म्हणून ते पाच फुटांवर चढवले आणि थेट कानावर न रोखता समोरच्या सराउंडकडे वळवले. आवाज डोक्यावरून जातो आणि दोन्ही जागांना सारखा मिळतो. एका बाजूला दार येत असेल तर दुसऱ्या बाजूचा स्पीकरही तेवढाच मागे सरकवावा. दोन्ही बाजू सारख्या असणं हे एखाद-दोन अंशांपेक्षा महत्त्वाचं.

वायर १६ गेजची तांब्याची, केसिंग पट्टीतून, विजेच्या वायरिंगपासून वेगळी. प्रत्येक जोडणीला लाल-काळं तपासावं. एक जरी उलटी लागली तर बास पातळ होतो आणि मधला आवाज पसरतो. शंका असेल तर रिसिव्हरपासून (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्रापासून) वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. धन टोक लालला असताना वूफर (स्पीकरमधला जाड सुरांचा मोठा पडदा) बाहेर यायला हवा.

सबवूफरची जागा कागदावर ठरत नाही. तो उचलून बसायच्या जागी ठेवला, ३० ते ८० हर्ट्झचा चढता सूर लावला आणि भिंतींच्या कडेने कान जमिनीलगत ठेवून फिरलो. जिथे सगळे सूर सारखे भरीव वाटतात, तिथे सब ठेवायचा. कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो, पण बहुधा एकाच सुराला घुमतो.

शेवटी रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने मोजून तो सेटिंग आपोआप लावतो ते. पंखा आणि एसी बंद, माइक हातात न धरता ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. त्यानंतर सेटिंग डोळ्यांखालून घालणं आवश्यक आहे. पुढचे स्पीकर ‘लार्ज’ दाखवले तर ‘स्मॉल’ करावेत आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झला ठेवावा. सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हर नॉब पूर्ण वर, नाहीतर दोनदा गाळणी लागते. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसलं तरी बदलू नये, सबच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

एवढं होऊनही संवाद एका बाजूला ओढले जात असतील तर भिंती पाहाव्यात. एकीकडे जाड पडदा आणि दुसरीकडे कोरी भिंत असली की असं होतं. बैठकीवर एकाने बसावं, दुसऱ्याने कोऱ्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. पुढचा स्पीकर आरशात दिसला की तिथे दोन इंची रॉकवूलचं पॅनेल लावायचं.