फवारणीची खबर ७२ तास आधी

भारतातून परतताना आई बॅगेत मुंग्यांचा खडू घालतेच. लेकीच्या दुसरीच्या वर्गात मुंग्यांची रांग लागली, तेव्हा मी तोच घेऊन गेले. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो, लेक सरकारी शाळेत आहे. बाईंनी खडू उलटसुलट पाहिला आणि माझ्या पिशवीत परत ठेवला. "फळ्याच्या खडूसारखाच दिसतो," एवढंच म्हणाल्या. अंगावर काटा आला माझ्या. सात वर्षांची पोरं, हाताला लागला असता तर?

शाळेच्या ऑफिसात कळलं की हा खडू अमेरिकेत विकायलाच बंदी आहे. शिवाय कॅलिफोर्नियात शाळांमधल्या कीटकनाशकांसाठी २०००चा 'हेल्दी स्कूल्स ॲक्ट' हा कायदा आहे. दुकानातला साधा स्प्रे मारायचा तरी, शिक्षकांनासुद्धा, दरवर्षी प्रशिक्षण घ्यावं लागतं. २०१६पासून तसा नियम आहे.

वर्षाच्या सुरुवातीला पालकांना शाळेत वापरायच्या कीटकनाशक औषधांची यादी येते. मी ती न वाचताच सही केली होती. लेकीला दमा आहे, मी तरी वाचायला हवी होती. त्याच कागदावर नाव नोंदवायची सोय होती: नोंदवलं की फवारणीच्या किमान ७२ तास आधी कळवतात. लगेच फॉर्म भरला.

पहिली सूचना आली ती मैदानाकडेच्या तणासाठी. औषधाचं नाव, त्यातलं मूळ रसायन, तारीख, सगळं होतं. ती तशीच डॉक्टरांना दाखवली. फाटकावरही पाटी लागली. ती २४ तास आधी लावतात आणि फवारणीनंतर ७२ तास काढत नाहीत.

आणि मुंग्या? त्या अर्जेंटिना जातीच्या निघाल्या. स्प्रेने दिसतात तेवढ्याच मरतात, घरट्यातल्या राण्या तशाच राहतात. म्हणून शाळेच्या माणसाने साबणाच्या पाण्याने रांग पुसली, सिंकमागची फट बुजवली आणि कपाटामागच्या भेगेत बोरॅक्सचं गोड जेल भरलं. कामकरी मुंग्या ते स्वतःच घरट्यात नेतात. आठवड्याभरात वर्ग स्वच्छ.

फटीत भरायच्या अशा जेलसाठी पूर्वसूचना लागत नाही, हे मात्र मला अजून पटत नाही. दमेकरी मुलाच्या आईला तेही कळायला हवं. तसं मी लेखी मागितलं, आता मला ईमेल येते.

मैत्रिणीचा मुलगा खासगी शाळेत आहे, त्यांना हा कायदा लागूच नाही. परवा रात्री दोघी बसून तिच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं.